पंधरातले चौदा

माझ्या ताईने आयुष्यात एकच काम केलं, दुसऱ्यांची पोरं सांभाळायचं. आमच्या घराचा खालचा मजला म्हणजे पाळणाघर. पुढच्या खोलीत मोठी, म्हणजे चार-पाच वर्षांची. मधल्या खोलीत नुकती चालायला लागलेली, जी सतत कशावर तरी जाऊन आपटतात. आणि मागच्या खोलीत तान्ही. वर माडीवर आम्ही दोघं भावंडं. मी प्लंबर. दिवसभर लोकांचे तुंबलेले नळ मोकळे करून घरी यावं, तर आमच्याच मोरीत कुणाचा तरी बूट अडकलेला. माणूस कावणार नाही तर काय करणार?

ताई कावत नसे. मागची खोली तिची खास. तान्हं मूल डाव्या खांद्यावर टाकायचं आणि उजव्या हाताने सगळं घर चालवायचं, ही तिची पद्धत. तिच्या एकूण एक कपड्याचा डावा खांदा विटलेला, पोरांनी ओकलेलं दूध धुऊन धुऊन. तिला स्वतःचं मूल झालं नाही, मेहुणे लवकर गेले. माझी बायको गेली तेव्हा माझी लेक रांगत होती, तीही त्याच खांद्यावर वाढली. लेक तिला आत्या म्हणते, पण आईची माया तिला मिळाली ती आत्याकडूनच. मला बापाचा मान मिळतो तो शाळेच्या दाखल्यावर. पुढे लेकीचं लग्न झालं, ती पलीकडच्या गल्लीत राहायला गेली, तरी रोज सकाळी पाळणाघरात कामाला हजर. सगळं बरं चाललं होतं. मग ताई जिना चढताना मध्येच बसायला लागली.

रक्ताचा आजार निघाला. हाडांच्या आतला मगज बदलावा लागेल, असं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तरुण बाई, बोलणं सरळ, लपवाछपवी नाही. माझा मगज तपासला तर तंतोतंत जुळला. आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघांचं काहीतरी जुळलं. ताईचं जुनं रक्त औषधांनी पार नाहीसं केलं आणि माझं तिच्यात रुजवलं. हळूहळू तिचा रक्तगट बदलून माझा झाला, तेव्हा ती म्हणाली, “तरीच म्हटलं, हल्ली मला उगाचच राग का येतो!” सगळे हसले. मी बाहेर गेलो. मला डोळे पुसायचे होते.

ती दवाखान्यात असतानाच माझ्या लेकीला मुलगी झाली. दूध पिताना पोरगी गुणगुणल्यासारखा आवाज काढायची, म्हणून मी तिला भुंगी म्हणायला लागलो, ते कायमचंच. ताईने ते गुणगुणणं फोनवर ऐकलं. “घरी आले की आधी तिला खांद्यावर घेणार,” म्हणाली. उलट्या, ताप, तोंडभर फोड, सगळं तिने त्या एका वाक्यावर काढलं. दुसरं काही बोलायचीच नाही.

आणि घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यावरच पाणी फिरवलं.

“लहान मुलांत जायचं नाही. ज्यांना गोवराची लस टोचलेली नाही, त्यांच्याजवळ तर मुळीच नाही.”

“गोवर मला लहानपणीच येऊन गेलाय,” ताई म्हणाली. “एकदा आला की पुन्हा येत नाही म्हणतात.”

“तो तुमच्या जुन्या रक्ताच्या लक्षात होता. ते रक्त आता राहिलं नाही. शरीर शिकलेलं सगळं विसरलंय, ताई.”

“आणि माझं रक्त?” मी मध्ये पडलो. “मलाही आलाय की गोवर.”

“थोडंफार तुमच्याकडून आलं असेल. पण ते टिकत नाही, त्यावर विसंबू नका.”

“याचंच रक्त ते,” ताई म्हणाली. “विसराळू असणारच.”

मग मलाही लस द्या की, असं तिने विचारलं. बाकीच्या बऱ्याच लसी हळूहळू देता येतील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण गोवराच्या लशीत जिवंत विषाणू असतो, दुबळा केलेला. धडधाकट माणसाला त्याचं काही होत नाही. पण माझं रक्त तिच्या शरीराशी भांडू नये म्हणून ज्या गोळ्या चालू होत्या, त्या असेपर्यंत तो दुबळासुद्धा तिला झेपला नसता. आणि गोळ्या लवकर सुटतील अशी चिन्हं नव्हती. ताईने माझ्याकडे बघितलं. “आत जाऊनसुद्धा भांडतोच आहेस का रे?”

“तुमचं हे रक्त आणि तुमची नात साधारण एकाच वयाची,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तिलाही नऊ महिन्यांची होईपर्यंत ही लस मिळणार नाही. तुम्ही दोघी उघड्यावर आहात. तुम्हाला तिच्यापासून धोका आणि तिला तुमच्यापासून.”

ताई रिक्षात बसली, घरी आली, जिना चढली. खाली पोरांचा गोंगाट चालला होता. माडीचं दार आम्ही लावून घेतलं.

त्यानंतरचे महिने मला बघवले नाहीत, हे सरळच सांगतो. ताई मागच्या खोलीच्या बरोबर वर चटई टाकून, फरशीला कान लावून पडायची. “हा भुंगीचा आवाज नाही. भुंगी रडायच्या आधी खाकरते.” किंवा, “कुणाचं तरी दुपटं ओलं झालंय, बघा जरा.” मी खाली जाऊन बघावं तर खरंच ओलं. दुपारी लेक मागच्या अंगणात भुंगीला घेऊन उभी राहायची आणि ताई वरच्या खिडकीतून बघायची. भुंगी वर कशाला बघेल? ती दोरीवरच्या कपड्यांकडे बघायची. ताई हाका मारून मारून घसा बसवून घ्यायची. एकदा मला म्हणाली, “हात रिकामे रिकामे वाटतात रे. काय करू या हातांचं?” मी तिला सोलायला लसूण आणून दिला. तिने तो सोललाही बिचारीने, पार पातेलंभर.

पुढच्या तपासणीला मी तणतणतच गेलो. “आयुष्यभर माडीवरच ठेवायची का हिला?” डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आतच ताईने विचारलं, “किती पोरांना टोचलेलं असलं की मी खाली जाऊ शकेन? आकडा सांगा.”

“बाहेर खुर्च्यांवर पंधरा माणसं बसलीत असं धरा,” त्या म्हणाल्या. “गोवराचा एक रोगी आला. कुणालाच लस नसेल, तर तो साधारण पंधरा जणांना आजार देतो. आता त्यातले चौदा लशीने झाकलेले आहेत असं धरा. मग किती जणांना लागेल?”

“एकाला.”

“तो एक पुढे एकालाच देणार. आजार वाढणार नाही, पण संपणारही नाही, एकाकडून दुसऱ्याकडे रेंगाळत राहील. चौदाच्या जरा वर गेलात, की एक रोगी सरासरी एकालाही देऊ शकत नाही. मग साखळी आपोआप तुटते. पंधरातले चौदा म्हणजे शंभरातले त्र्याण्णव-चौऱ्याण्णव. पण दोन डोस देऊनही शंभरात दोघं-तिघं सुटतातच, म्हणून टोचायचं शहाण्णव-सत्याण्णव जणांना.”

“सगळ्या आजारांना हेच?”

“नाही. दोघांनाच देणारा आजार असेल तर निम्मी माणसं झाकली की भागतं. चौघांना देणारा असेल तर चारातली तीन. जितक्यांना देतो, त्यातला एक सोडून बाकी सगळे, आणि वर थोडे. गोवर फार पसरतो, म्हणून त्याला एवढी माणसं लागतात.”

मला राहवेना. “नव्वद काय आणि शहाण्णव काय! सहा तर माणसं. त्यांनी काय एवढं आभाळ कोसळतंय?”

“शंभर रोगी धरा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “नव्वद टक्के झाकलेले असतील, तर पंधरात दीड माणूस उघडा. शंभरांचे दीडशे होतात, दीडशेचे सव्वादोनशे, मग सव्वातीनशेच्या वर. शहाण्णव टक्के झाकलेले असतील, तर शंभरांचे साठ, साठांचे छत्तीस, छत्तिसांचे बावीस, आणि विझला. फरक सहाच माणसांचा.”

ताईचं मात्र दुसरीकडेच लक्ष होतं. “आणि मी कुठे बसते यात?”

“तुम्ही त्या उरलेल्या चारांत. तुमच्यासारखे, तान्ही बाळं, ज्यांना टोचता येत नाही ते. बाकीच्यांनी टोचून घ्यायचं ते तुमच्यासाठीसुद्धा.”

“म्हणजे आता पोरांनी मला सांभाळायचं,” ताई म्हणाली. तिला हसू फुटलं, पण डोळे भरून आले होते.

लेकही आमच्याबरोबर आली होती. ती मोठ्या अभिमानाने म्हणाली, “आम्ही काळजी घेतलीय, बाई. ज्यांना टोचलेलं नाही, ती सगळी मी एकाच खोलीत ठेवलीत. तान्ही, शिवाय दुसरा डोस चुकलेली दोघं. मागच्या खोलीत, दार लावून. म्हणजे बाकी घराला त्रास नको.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. लेक गोरीमोरी झाली. पाळणाघरातली तीच तर रीत, रडकी एकीकडे, शेंबडी एकीकडे, चावरी एकीकडे. ताईनेच शिकवलेली. आता तिने जीव ओतून केलं होतं आणि नेमकं उलटं केलं होतं.

“घरात किती मुलांना टोचलंय, यावर सगळं ठरत नाही,” त्या समजावत म्हणाल्या. “कोण कुणाशेजारी बसतं यावर ठरतं. त्या खोलीत एक जरी आजारी पडलं, तरी त्याच्या आजूबाजूला सगळी उघडीच. एकालाही सोडणार नाही. तीच बाळं टोचलेल्या मुलांमध्ये लांब लांब ठेवलीत, तर आजाराला पुढे जायला माणूस सापडत नाही. हवेतून पसरतो तो, खिडक्या उघड्या ठेवा. ज्यांचे डोस चुकलेत त्यांना उद्याच टोचून आणा. आणि उघडी माणसं एकत्र करू नका.”

“मग मीही मोठ्या पोरांत बसले तर?” ताईने पटकन विचारलं. आयुष्यभर पोरांच्या आईबापांशी बोलून बोलून तिला फट कुठे आहे ते लगेच दिसायचं.

डॉक्टरीणबाई बराच वेळ कागद चाळत बसल्या. “धोका शून्य होत नाही, हे आधी सांगते. पण सगळी दोनदा टोचलेली असतील, कुणाला ताप नसेल, तुमच्या नाकातोंडावर मास्क असेल, तर थोडा वेळ बसा. फक्त नात त्या खोलीत नको. तुम्ही दोघी एकमेकींच्या शेजारी नाही. दुसरा डोस होईपर्यंत तरी नाही.”

घरी येऊन आम्ही सगळं घर उलटंपालटं केलं. पुढच्या खोलीत फक्त दोनदा टोचलेली, तिथे ताईची खुर्ची, एकही पाळणा नाही. उरलेली मोठी पोरं, तीही दोनदा टोचलेलीच, मधल्या आणि मागच्या खोलीत वाटून टाकली, आणि त्यांच्यात लांब लांब पाळणे. मोठ्यांनी तान्ह्यांची दुपटी ओढून उच्छाद मांडला, लेकीच्या नाकी नऊ आले. पण ताई खाली आली. पहिल्या दिवशी खुर्चीत बसली तेव्हा पोरांनी तिला गराडा घातला, आणि तिचे कान लागले होते मधल्या खोलीतल्या भुंगीच्या पाळण्याकडे. एक भिंत मध्ये. भुंगीला दात आला तो भिंतीपलीकडे. भुंगी पहिल्यांदा बसली ती भिंतीपलीकडे. माडीवर तरी लांब असल्याचं समाधान होतं, ताई म्हणायची, हे जवळ असणं जास्त छळतं.

भुंगीला नवव्या महिन्यात पहिली सुई मिळाली. आम्हाला वाटलं, झालं आता. नेमका तेव्हाच गावात गोवर आला.

नव्या वसाहतीत, पाण्याच्या टाकीमागे. तिथे कुणीतरी लशीबद्दल काहीबाही पसरवलं होतं, वर्षभर पोरं टोचायला कोणी आणलीच नव्हती. सरकारी दवाखान्याच्या फलकावर तर लिहिलेलं, गावात पंच्याण्णव टक्के मुलांना लस दिली. मी तो फलक वाचून छाती फुगवून घरी आलेलो. अहो, मी प्लंबर माणूस, मला कळायला हवं होतं. सगळा पाइप शाबूत आणि एकच जोड ढिला, तर पाणी काय सरासरी बघत बसतं? वसाहतीत शंभरातली तीस उघडी आणि बाकी गावात दोन-तीन, तरी बेरीज छान दिसते. गोवराने बेरीज बघितली नाही, वसाहत बघितली. घरोघरी पोरं तापली, काही दवाखान्यात ठेवावी लागली.

आणि एके सकाळी आमच्याकडच्या दातपडक्याची आई दारात येऊन रडायला लागली. हा दातपडक्या पुढच्या खोलीतला, ताईच्या खुर्चीला लटकणारा. त्याचा मामेभाऊ वसाहतीतला, सुट्टीला आलेला, चार दिवस दोघं एका पांघरुणात झोपले, आणि त्या सकाळी त्या मामेभावाच्या अंगावर पुरळ. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत दातपडक्या ताईजवळ बसला होता. त्या बाईला मी वाटेल ते बोललो असतो, पण ताईनेच तिला आत घेऊन पाणी दिलं. मग आपण होऊन माडीवर गेली आणि दार लावून घेतलं.

ते दिवस कसे गेले ते विचारू नका. मी सकाळ-संध्याकाळ ताईचं कपाळ चाचपायचो, मग धावत खाली जाऊन भुंगीचं. दातपडक्या घरी बसून होता. त्याला ताप आला नाही. त्याच्या बहिणीला नाही, मागच्या खोलीतल्या तान्ह्यांना नाही, कुणालाच नाही. गोवर उठायची मुदत उलटून गेली तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. काहीच झालं नाही, एवढीच बातमी. असल्या बातमीचं काय करतात? पेढे वाटतात का?

“त्याच्यापाशीच अडला असेल का रे?” ताई पुन्हा पुन्हा विचारायची. “की दुसऱ्याच कुणापाशी? मला कुणाला तरी जवळ घ्यायचंय, पण कुणाला ते कळत नाही.” खाली तो दातपडक्या नाक शिंकरत दुसऱ्याचं चित्र फाडत बसला होता. त्याला काय पत्ता!

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. भुंगीची पहिली सुई झालीय, आता तरी भेटू द्या. त्या म्हणाल्या, नवव्या महिन्यात दिलेला डोस शंभरातल्या पंच्याऐंशींनाच लागू पडतो, आणि गावात गोवर आहे. मी फोन ताईकडे दिला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच म्हणाली, “नको. शंभरातल्या पंधरांत माझी भुंगी निघाली आणि माझ्यामुळे तिला काही झालं तर? मी थांबते.” फोन ठेवल्यावर मात्र ती भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवायलाही उठली नाही. मी ताट घेऊन बसून राहिलो, अन्न निवलं, मग मीच ते गिळलं. मला तिच्यावर राग येत होता, आणि तिला काही झालं तर मी काय करीन, हेही सुचत नव्हतं.

मधल्या काळात ताईची छाती भरायला लागली. माझं रक्त तिच्या फुप्फुसांशी भांडत होतं. गोळ्या वाढल्या, लशीची आशा उरलीसुरली तीही संपली. बोलताना तिला मध्येच थांबावं लागायचं. खाली भुंगी चालायला लागली, पळायला लागली, पोरांची नावं घ्यायला लागली. दातपडक्याच्या पाठीवर बसायची, लेकीच्या कमरेवर, माझ्या डोक्यावर. त्या घरात तिला सगळ्यांच्या मांड्या ठाऊक होत्या, एक सोडून.

दीड वर्षाची झाल्यावर दुसरी सुई मिळाली. पुढचे काही दिवस जाऊ दिले. वसाहतीतही एव्हाना टोचून झालं होतं, गोवर विझला होता. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या.

त्या दुपारी ताईने केस विंचरले, धुतलेला कपडा घातला आणि मागच्या खोलीत जमिनीवर बसली. लेक भुंगीला घेऊन आली. आम्ही सगळे दारात. भुंगीने ताईकडे एकदा बघितलं, मास्क लावलेली, केस विरळ झालेली, धापा टाकणारी बाई, आणि तिने असा टाहो फोडला की रस्त्यावरून माणसं थांबली. लेकीच्या गळ्याला मिठी मारली ती सुटेना. ताईने हात पुढे केले तर ती आणखीनच किंचाळली. दीड वर्ष! दीड वर्ष जिच्यासाठी ही बाई फरशीला कान लावून पडली, ती हिला ओळखतसुद्धा नव्हती. “अगं, आत्याआजी आहे तुझी, भवाने!” मी ओरडलो, त्याने ती अजूनच बिथरली.

“तू ओरडू नकोस,” ताई म्हणाली. “आणि तू गं, तिला इथे ठेव आणि जा. दारात रेंगाळू नकोस.”

“आत्या, रडून रडून—”

“जा म्हटलं ना.”

लेक गेली, तीही रडत. मीही बाहेर पायरीवर बसलो. आत रडणं चालूच. मध्येच ताईचा धापांनी तुटणारा आवाज, मग काहीतरी आपटल्याचा, मग पुन्हा रडणं. कितीदा तरी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो.

शेवटी आवाज बंद झाला तेव्हा आत गेलो. भुंगी दमून खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून झोपली होती. ताई जिथे होती तिथेच बसलेली. तिच्या मनगटावर तीन लाल रेघा, नखांच्या, एकीतून रक्त आलेलं. तिला साधं खरचटलेलंही चालत नाही, हे आम्हाला घोकून घोकून सांगितलेलं. मी धावत जाऊन औषधाची बाटली आणि कापूस आणला आणि तिचा हात धरला.

तिने हात मागे घेतला.

“जरा थांब की,” ती म्हणाली. “धुतोस काय लगेच? हात लावला तिने मला.”